काविळीच्या औषधाचा तिसरा नियम

सदर इसमाचे नाव हरिश्चंद्र काशीराम कळंबटे ऊर्फ आप्पा. वय बासष्ट. राहणार मौजे खेडशी, तालुका व जिल्हा रत्नागिरी. उंची मध्यम, बांधा सडपातळ, वर्ण सावळा. ओळखीची खूण, डाव्या नडगीवर मोजणीच्या खुंट्याचा जुना व्रण. पूर्वीचा व्यवसाय, जमीन मोजणी कार्यालयात शिपाई. हल्लीचा व्यवसाय, निवृत्त. सदर इसम आपल्या आत्याच्या पश्चात कावीळ झालेल्या व्यक्तींस झाडपाल्याचे औषध विनामोबदला देत असून त्याबाबत आजमितीस कोणाचीही तक्रार प्राप्त नाही. सबब औषधाचा गुण शंभर टक्के असल्याचे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

असा दाखला कुठल्याही कचेरीने दिलेला नव्हता. तो आप्पांच्या डोक्यात तयार होता. आयुष्यभर त्यांनी याच भाषेतले कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेले होते, त्यामुळे स्वतःबद्दल काही चांगलं वाटलं की ते त्यांना याच भाषेत वाटायचं. वाईट वाटलं तर मात्र ते घरच्या बोलीत वाटायचं, आणि मग त्यांना एका जागी बसवत नसे.

तसं पाहिलं तर एका जागी त्यांना कधीच बसवत नव्हतं. नोकरीत असताना आधी साखळी, मग फीत, मग यंत्राची तिकाटणी खांद्यावर टाकून ते तालुक्यातल्या निम्म्या बांधांवरून चालले होते. साहेब नकाशात बघत, आप्पा पायाखाली बघत. निवृत्तीनंतर बांध सुटले, चालायची खोड राहिली. सकाळचा चहा ते पडवीत उभ्याने घेत. त्यांची बायको सावित्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सरकारनं हापिसात खुर्ची ठेवलेली, पण ती सायबाची. ह्यांना बसायची सवयच लागली नाय."

औषध आत्याकडून आलं. हात कापायला लागले तेव्हा तिने आप्पांना बोलावून घेतलं, परसात नेलं आणि एक झाड दाखवलं. झाड म्हणायचं ते मान म्हणून. वीतभर उंची, आवळ्यासारखी बारीक पानं, आणि पानांच्या दांडीखाली मोहरीहून जरा मोठी हिरवी फळं ओळीने टांगलेली. पावसाळ्यात ते उंबरठ्यापासून मसणवाटेपर्यंत कुठेही उगवतं आणि लोक ते तण म्हणून उपटून फेकतात. हेच मुळासकट घ्यायचं, धुवायचं, पाट्यावर वाटायचं आणि रस गाईच्या ताकातून उपाशीपोटी द्यायचा. तीन सकाळी. तेल, हळद आणि मासे बंद. रत्नागिरीत यातलं शेवटचं पथ्य सगळ्यात जहाल. ताटातला बांगडा कुणी परत पाठवला की घरातली माणसं आधी त्याचे डोळे बघतात.

आत्याने झाडाबरोबर तीन नियम दिले. पैसा घ्यायचा नाही, नारळ चालेल. झाडाचं नाव रोग्यापुढे काढायचं नाही. नाव काढलं की गुण जातो. आणि एकदा औषध दिलं की मागाहून विचारायचं नाही. "बरं वाटलं का?" एवढं जरी देणाऱ्याच्या तोंडून गेलं तरी उतरलेली कावीळ परत चढते. रोग्यानेही येऊन सांगायचं नाही, बरंही नाही आणि वाईटही नाही.

पहिल्या नियमाने आप्पांना मान मिळाला, दुसऱ्याने वजन, पण कीर्ती मिळाली ती तिसऱ्याने. जे बरे झाले ते आपोआप दिसत: बाजारात, एसटीत, मिरकरवाड्याच्या मासळीबंदरावर सुरमईचा भाव पाडताना. त्यांच्याकडे बघून आप्पा नुसती मान हलवत, तेही नुसती मान हलवत, आणि मधला तिऱ्हाईत समजायचं ते समजून जाई. अशा माना वीसेक वर्षं हलत राहिल्या.

मग श्रावणात विनीत आजारी पडला.

विनीत म्हणजे शेजारच्या सुगंधाचा मुलगा. दोन घरांमध्ये करवंदीचं कुंपण आणि एक फाटक, ते कधीच लागत नसे. नवरा गेल्यावर सुगंधाने शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवून त्याला वाढवलेला. पोरगा मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, हाताला गुण, तोंडाला फाजील. लावणीला तो मामाच्या गावी गेला आणि चिखलात राबून आला. तिथे आशाताई घरोघर गोळ्या वाटत होती. "त्या तुम्हां गाववाल्यांना," म्हणत ह्याने आपल्या फळीवर ठेवून दिल्या. परत आल्यावर ताप भरला. मेडिकलवाल्याने तापाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, चढला, आणि एका सकाळी सुगंधाने त्याला हाताला धरून फाटकातून आणलं. डोळे पिवळे.

आप्पांनी औषध दिलं. नेहमीसारखं, पूर्वेकडे तोंड करून. देताना त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पिवळ्या डोळ्यांत तांबड्या शिराही होत्या, रात्रभर जागल्यासारख्या. आणि पायरी चढताना पोराने दोन्ही पोटऱ्या हातांनी धरल्या होत्या, जणू पाय दुसऱ्याचे असून उसने आणलेत. काविळीचा माणूस मरगळतो, हे आप्पांनी पुष्कळ पाहिलं होतं; पोटऱ्या धरणारा पहिल्यांदाच पाहिला. पण पद्धतीत त्यासाठी जागा नव्हती. त्यांनी पेला पुढे केला. विनीतने रस घशाखाली घातला आणि तोंड वाकडं केलं.

"आप्पा, यापेक्षा गाडीचं ऑइल बरं."

"पी मुकाट्यानं," सुगंधा म्हणाली.

तीन सकाळी झाल्या. आता नियमाप्रमाणे आप्पांचा संबंध संपला.

संबंध संपला खरा, पण घर शेजारी होतं. इतक्या वर्षांत हा प्रसंग आलाच नव्हता. रोगी यायचे ते दूरचे. औषध घेऊन एसटीत बसायचे आणि नाहीसे व्हायचे. हा नाहीसा होत नव्हता. हा कुंपणापलीकडे खोकत होता. आप्पांना एकच गोष्ट हवी होती, पोराला उतार पडतोय की नाही एवढं कळायला हवं होतं, आणि तीच तेवढी विचारायची नव्हती.

त्यांनी न विचारता कळायचे मार्ग शोधले. पहिल्या दिवशी कुंपणाची करवंदं पाहायला गेले. श्रावणात करवंदं नसतात. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या बिजागरीला तेल घालायला गेले. बिजागरी गंजून केव्हाच तुटलेली, फाटक सुतळीवर होतं. मग ते रस्त्याने हळू चालत गेले, जोरात परत आले, पुन्हा हळू गेले. खिडकीत पोराची पाठ दिसली. पाठीवरून कावीळ कळत नाही.

"वाईच वाटीभर साखर मागून आण त्यांच्याकडनं," त्यांनी सावित्रीला सांगितलं.

"डबाभर साखर हाय घरात."

"मग देऊन ये."

"मागू का देऊ? एक काय ते ठरवा." सावित्रीने सूप आपटलं. "आणि गेल्यावर तिथं बगायचं काय ते पण सांगा. जीभ बगू, डोळे बगू, का नख?"

"मी काय बगायला सांगितलं नाय."

"नाय सांगितलंत. माजं कपाळ बगायला सांगितलंत."

ती गेली आणि साखर देऊन आली. बातमी अशी: पोरगा निजलेला होता. भर दुपारी. सुगंधाने चहा विचारलान, पण करताना दूध उतू घालवलान.

"दूध उतू गेलं म्हणजे?"

"म्हणजे दूध उतू गेलं. आता याच्यातनं काय ते तुमीच मोजणी करून काढा."

आप्पा पडवीत फेऱ्या मारायला लागले. पडवी लहान, फेऱ्या मोठ्या; दर फेरीला त्यांचा पाय कोपऱ्यातल्या पाटीला लागत होता. आत्याचं सगळं खरं होतं. आत्याने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही, आणि कधी काही वाईट झालं नाही. झालं असतं तर कळलं असतं. कसं कळलं असतं, इथपर्यंत येऊन विचार थांबायचा आणि फेरी पहिल्यापासून सुरू व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा कुंपणापाशी दिसली. हातात रिकामी कळशी, आणि नळाला पाणी यायला अजून अवकाश होता. आप्पा अलीकडून गेले. दोघंही आपापल्या बाजूला काहीतरी काम असल्यासारखी उभी राहिली.

"पाऊस जरा उघडलाय," आप्पा म्हणाले.

"उघडलाय," सुगंधा म्हणाली. पाऊस पडत होता.

मग ती कळशीच्या काठाकडे बघत म्हणाली, "आप्पा, आमच्या नात्यात एकजण हाय. तिकडे, लांब. सहज इचारते हां, तुमी त्याला ओळखत नाय."

"असेल, असेल."

"त्याला कावीळ झालेली. त्यानं कुणाचं तरी औषध घेतलान. कुणाचं ते माहीत नाय."

"घेतलान असेल. घेतात लोक."

"तर तो आता दिसभर झोपतो. हाक मारली तर ओ देतो, पण भलतंच बोलतो. गाडीचा प्लग काढ म्हणतो मला, म्हंजे त्याच्या आयशीला. औषधानं असं होतं काय?"

आप्पांनी लांबच्या नातलगाचा विचार केल्यासारखं आभाळाकडे पाहिलं. "औषधानं... पित्त खाली उतरताना जरा ग्लानी येत असेल. त्या माणसाला. पोटऱ्या दुखतात काय त्याच्या?"

"हात लावू देत नाय."

"आणि..." आप्पा थांबले. इथपर्यंत तिसरा नियम शाबूत होता. एका अनोळखी माणसाविषयी दोन शेजारी बोलत होते, यात कुठल्याही कलमाचा भंग नव्हता. पण सुगंधाने मान वर केली आणि तिचे डोळे नातलगाच्या आईचे नव्हते.

"सुगंधा," आप्पा म्हणाले, "विनीतला लघवी कधी झाली?"

काविळीच्या औषधाच्या परंपरेत इतक्या वर्षांनी विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. सुगंधाने आधी तोंडावर हात ठेवला, कारण आप्पांनी विचारलं होतं. मग तो हात काढला, कारण उत्तर द्यायचं होतं.

"काल सकाळी. तीपण एवढीशी, चहासारखी."

"रिक्षा बोलाव."

"आप्पा, पण तुमी इचारलंत! आता कावीळ उलटली तर?"

"बोलाव म्हणतो ना रिक्षा! नाहीतर थांब, मीच जातो," आणि बासष्टाव्या वर्षी आप्पा अनवाणी तिठ्यापर्यंत पळाले.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर राही वयाने तिशीच्या आत, आणि तोंडावरून सलग दोन पाळ्या झालेल्या. त्यांनी विनीतच्या डोळ्यांची खालची पापणी ओढली, पोटरी दाबली, तो ओरडला, आणि त्यांनी सिस्टरला चार-पाच गोष्टी एका दमात सांगितल्या. मग सुगंधाकडे वळल्या. शेतात गेला होता? पायाला जखम होती? ताप कधीपासून? सुगंधा सांगत गेली. आप्पा खाटेच्या पायथ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून पायथ्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"घरी काय औषध दिलं?"

सुगंधाने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पंख्याकडे पाहिलं.

"गावठी दिलंय ना? सगळे देतात, मी रागावत नाहीये. काय होतं तेवढं सांगा. मला लिव्हर आणि किडनी दोन्ही बघायच्या आहेत. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी अंधारात आहे."

"पाला होता," आप्पा म्हणाले.

"कशाचा?"

आत्याचा हात, परस, वीतभर झाड, सगळं आप्पांच्या डोळ्यांपुढे आलं. नाव काढलं की गुण जातो. पण खाटेवरचा पोरगा त्या क्षणी सलाइनच्या नळीला कार्ब्युरेटर म्हणत होता, आणि गुण जायचा असलाच तर तो आधी यायला हवा होता.

"भुईआवळी," आप्पा म्हणाले. इतक्या हळू, की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं आणि ते त्यांना मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही ऐकलं आणि म्हणाला, "हां, आमच्या गोठ्यामागं रग्गड हाय."

"नुसती भुईआवळी? भस्म, पूड, कुणाची तयार गोळी, काही नाही?"

"नाही. ताकात."

"कुठून उपटलीत?"

"खोतांच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतनं. कडेकडेनं."

"तिथे तणनाशक मारतात?"

पायाखाली बघून चालणाऱ्या माणसाला, पायाखाली कोण काय फवारून गेलंय, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

डॉक्टर राही लिहिता लिहिता बोलत होत्या. तासाभराने, पोराला सुया टोचून झाल्यावर, व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या तेव्हा उरलेलं बोलल्या. आप्पा उभेच होते. हा लेप्टो दिसतोय, त्या म्हणाल्या. उंदरांच्या मुतातून चिखलात, चिखलातून पायाच्या चिरेतून माणसात. आशाताई गोळ्या वाटतात त्या यासाठीच. रक्ताचा अहवाल येईल तेव्हा येईल, तोवर थांबणार नाही, इंजेक्शन सुरू केलंय. किडनीने संप केलाय, तेव्हा डायलिसिस लागेल.

"म्हणजे ही कावीळ नाय?"

"कावीळ आहे ना. पण कावीळ म्हणजे रोग नव्हे, आप्पा, ती खूण आहे. डोळे पिवळे होतात ते लेप्टोने, पाण्यातल्या विषाणूने, पित्ताच्या खड्याने, दारूने, गोळ्यांनी, कर्करोगानेसुद्धा. तुम्ही सगळ्यांना एकच पेला देता."

"आत्यापास्नं देतोय."

"वाईट झाड नाही ते," राही म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "त्याच्यावर अभ्यास झालेत. बी जातीच्या काविळीत उपयोग होतो असं सुरुवातीला वाटलं होतं, नंतरच्या तपासण्यांत ते तितकंसं टिकलं नाही. धडधाकट माणसाला थोडं दिलं तर बहुतेक अपाय होत नाही. साखरेच्या नाहीतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जपावं. गरोदर बाईला देऊच नये. आणि पाण्यातून होणारी साधी कावीळ काही आठवड्यांत आपली आपण उतरते. भात-पेज, विश्रांती आणि दारू बंद, बस. श्रेय तुमच्या ताकाला. तेही मी देऊन टाकते, माझं काही जात नाही. पण हा पोरगा आणखी दोन दिवस ग्लानी-ग्लानी म्हणत घरी ठेवला असता..." त्यांनी डोळे उघडले. "आजवर किती जणांना दिलंत?"

"पुष्कळ."

"गुण कितींना आला?"

"सगळ्यां..." आप्पांनी शब्द अर्धा सोडला.

"तुम्हाला कसं कळलं?"

राहींना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण सिस्टरने हाक मारली आणि त्या उठून गेल्या. प्रश्न बाकावरच राहिला. आप्पा त्याच्या शेजारी बसले नाहीत.

विनीत वाचला. डायलिसिस लागलं, अंगावर सूज आली, उतरली, आणि गणपतीच्या आरतीला तो कुंपणापलीकडून बेसूर ओरडताना ऐकू आला. सुगंधा फाटकातून उघड आली, मोदक घेऊन, आणि पायरीवर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आप्पा, माजा पोरगा बरा झाला. सांगायचं नसतं तरी सांगतेय."

आता कुणीही म्हणेल की इथे आप्पांनी बसावं. उलट झालं. एकदा विचारल्यावर त्यांना विचारायचं थांबता येईना.

मिरकरवाड्यावर नम्रता कोळीण होती, त्यांच्या माना हलवणाऱ्यांतली जुनी. तिच्या टोपलीपुढे उभे राहून आप्पांनी विचारलं, "तुला तेव्हा बरं वाटलं ना गो?"

नम्रताच्या हातातला कोयता थांबला. "अवो आप्पा! येडे झालात काय? इचारतात काय असं?"

"विचारलं आता. सांग."

तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वाटलं. पण डाक्टरच्या गोळ्या पण चालू होत्या. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले नाय. जावा आता, गिऱ्हाईक बगतंय."

शिवा रिक्षावाल्याने मान हलवण्याचा कार्यक्रम पुढे चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण आप्पा रिक्षाच्या हँडलला धरून उभे राहिले. तेव्हा त्याने शर्ट वर करून टाके दाखवले. खडा होता, पित्ताच्या नळीत अडकलेला. औषधानंतर दोन महिने खाजवत फिरला, शेवटी कोल्हापूरला कापून काढला. "तुमचं औषध चांगलंच हो," तो म्हणाला, "खड्याला काय चाटून गेलं नाय, तो भाग येगळा."

घरी येऊन आप्पा सावित्रीला सांगत, आणि सावित्री तांदूळ निवडत ऐकत असे. एका संध्याकाळी तिने ताट खाली ठेवलं.

"झालं न्हवं पोरगं बरं? मग ही गावभर कसली मोजणी लावलीत? इचारून मिळणार काय?"

"कळेल."

"कळून?"

आप्पांनी चपला पायात सरकवल्या.

औषधाला लोक येतच होते. आप्पा त्यांना पडवीबाहेर थांबवून आधी रक्त-लघवी तपासायला पाठवत, कागद आणायला सांगत, आणि कुणी फारच गळ्यात पडलं तर परसातलं झाड दाखवत: ही, भुईआवळी, डॉक्टरला सांगून घ्या. नाव ऐकलं की माणसं ओशाळल्यासारखी हसत. एवढीच होय, म्हणत. मग पावसच्या बाजूला एकजण नाव न सांगता देतो, तिकडे जात.

आप्पांना आता वेगळीच खोड लागली. इतकी वर्षं त्यांना दिसणारी माणसं आठवत. आता न दिसणारी आठवायला लागली. डोंगरातल्या शाळेचा तो मास्तर, परत कधी स्टँडवर दिसला नाही. हर्णैहून आलेला सुकी मासळीवाला, त्यालाही जमाना झाला. बदली झाली असेल, धंदा बदलला असेल. आणि नाटे बंदराचं एक तरुण जोडपं. नवरा गुरुप्रसाद, होडीवर तांडेल, बायको वेदिका. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात आलेली, तीन दिवस रत्नागिरीत नातलगाकडे उतरून. ती आप्पांच्या लक्षात राहिली, कारण तीनही सकाळी पेला हातात घेताना तिने दुसऱ्या हाताने ओढणी पोटापाशी घट्ट धरली होती आणि रस पिऊन झाल्यावर "कडू नाय एवढं" असं म्हणाली होती. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ओढणीचं आठवल्यापासून आप्पांचं जेवण सुटलं. चालत चालत ते रुग्णालयापर्यंत गेले आणि फाटकातूनच परत आले. विनीतने विचारलं, "आप्पा, बॅटरी उतरली काय?" शेवटी एका सकाळी त्यांनी नाट्याची एसटी धरली.

गाडीत जागा होती. आप्पा दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "बसा की, आजोबा, पूर्णगडला गर्दी चढेल." ते पावसला बसले, गावखडीला उठले, आडिवऱ्याला पुन्हा बसले. मध्ये दोन ठिकाणी उतरून परत फिरायचं त्यांच्या मनात आलं. पायरीपर्यंत गेलेही. नाट्याला उतरल्यावर बंदराकडे विचारत विचारत गेले. गुरुप्रसादचं घर जाळी वाळत घातलेल्या अंगणामागे होतं. तो ओट्यावर बसून जाळं सांधत होता. आप्पांना त्याने लगेच ओळखलं, हातातली सुई खाली ठेवली आणि उठला.

"आप्पा? तुम्ही एवढ्या लांब? या, बसा."

आप्पा बसले नाहीत. आतून एक म्हातारी बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्यांच्या पायाशी ठेवून आत गेली. गुरुप्रसादने आत बघून चहाची खूण केली.

"मी एक विचारायला आलोय," आप्पा म्हणाले.

गुरुप्रसाद समजला. "विचारायचं नसतं ना, आप्पा."

"नसतं. तरी विचारतोय. वेदिकाला बरं वाटलं?"

गुरुप्रसादने सुई उचलली, जाळ्याच्या फाटक्या घरात घातली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तो असता तर आप्पांना जरा सोपं गेलं असतं.

"तिला सातवा चालू होता. तुम्ही काय विचारलं नाय, म्हणून आमी पण काय बोललो नाय. म्हटलं औषध देणाऱ्याला सगळं माहीत असतं. इथं आणल्यावर झोपूनच असायची. आई म्हणाली, पित्त उतरतंय. मग बोलायची बंद झाली तेव्हा गाडी केली, रत्नागिरीपर्यंत नेली. डॉक्टर म्हणाले, पोटुशी बाईची कावीळ एक दिवस पण घरी ठेवायची नसते."

"मला का नाय कळवलंस?" आप्पा म्हणाले. "शिव्या द्यायला तरी यायचंस."

"कसं कळवणार? सांगायचं नसतं. आणि सांगितलं असतं, तर तुमच्याकडचं पुढच्यांचं औषध लागू पडलं नसतं." त्याने जाळं मांडीवर ओढून घेतलं. "उलट वाडीत तिघांना कावीळ झाली, त्यांना मी तुमच्याकडेच पाठवलं."

म्हातारीने चहा आणला. आप्पांनी कप हातात घेतला आणि ओट्याच्या कडेला बसले.

वेदिका औषध सुरू केलं त्याच आठवड्यात, पोटातल्या बाळासकट, वारली होती.